पाण्यातील मलप्रदूषण ओळखण्यासाठी कोलिफेज चाचणी : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

क्लोरीन दिलेल्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा आतड्यांतला जिवाणू सापडला नाही, एवढ्यावरून त्या पाण्यात विषाणू नाहीत असे म्हणता येत नाही. क्लोरीनपुढे ई. कोलाय लवकर मान टाकतो. आतड्यांतले अनेक विषाणू मात्र त्याच मात्रेत तग धरतात, थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतात, आणि आकाराने इतके लहान असतात की ज्या मातीत किंवा वाळूच्या थरात जिवाणू अडकून पडतात त्यातून ते पुढे सरकतात. भूजलाच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण शोषखड्ड्यापासून विहिरीपर्यंतच्या प्रवासात जिवाणू गाळले जाऊन विषाणू तेवढे पोचले, असे घडू शकते. म्हणूनच पाण्यातल्या विषाणूंचा अंदाज घेण्यासाठी विषाणूच सूचक म्हणून वापरावा, हा विचार पुढे आला. रोगकारक विषाणू प्रत्यक्ष वाढवून मोजणे खर्चिक आहे, त्याला पेशीसंवर्धनाची सोय लागते आणि नोरोव्हायरससारखे काही विषाणू नेहमीच्या पेशीसंवर्धनात वाढतच नाहीत. त्याऐवजी आतड्यांतल्या जिवाणूंना लागण करणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफेज, मोजले तर साध्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी आकडा हाती येतो आणि माणसाला त्यांच्यापासून धोका नसतो.

हा लेख ई. कोलायला लागण करणाऱ्या फेजांच्या, म्हणजे कोलिफेजांच्या, प्लाक चाचणीबद्दल आहे. प्लाक म्हणजे जिवाणूंच्या दाट थरात फेजांच्या वाढीमुळे पडलेला मोकळा, पारदर्शक ठिपका. जिवाणू वाढवणे, विरलीकरण करणे आणि निर्जंतुक पद्धतीने काम करणे ज्यांना येते, पण फेज ज्यांनी कधी मोजलेले नाहीत, अशा वाचकांना समोर ठेवून तो लिहिला आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक वाटते : या चाचणीत मोजण्याचे खरे उपकरण म्हणजे यजमान जिवाणू, म्हणजे ज्याच्यात फेज वाढतात तो जिवाणू. त्याची निगा नीट राखली नाही तर बाकी सगळी काळजी वाया जाते, आणि फसलेली चाचणी ही स्वच्छ पाण्यासारखीच दिसते, कारण दोन्हींत प्लाक शून्य असतात.

आधी प्रश्न ठरवावा, मग फेज

कोलिफेजांचे दोन गट व्यवहारात वापरले जातात. सोमॅटिक कोलिफेज हे जिवाणूच्या पेशीभित्तिकेवरील घटकांना थेट चिकटून लागण करतात. एफ-विशिष्ट कोलिफेज हे ज्या जिवाणूकडे एफ-प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे एक वर्तुळ) आहे त्याच्या पृष्ठभागावरील केसासारख्या तंतूंना, म्हणजे एफ-पायलायना, चिकटतात आणि तेथूनच आत शिरतात. हे तंतू साधारण ३० अंश सेल्सिअसच्या खाली नीट तयार होत नाहीत. त्यामुळे एफ-विशिष्ट फेज नदीच्या किंवा विहिरीच्या थंड पाण्यात वाढण्याची शक्यता फार कमी असते, आणि ते सापडले तर उष्णरक्ताच्या प्राण्याच्या आतड्यातून किंवा सांडपाण्यातून आले असावेत, असे मानायला चांगला आधार मिळतो. सोमॅटिक फेज सांडपाण्यात सहसा एफ-विशिष्ट फेजांपेक्षा अधिक संख्येने असतात, त्यांची चाचणी सोपी असते आणि यजमानाची मागणीही कमी असते. ते निसर्गात वाढू शकतात का, यावर बरीच चर्चा झाली आहे. तसे होण्यासाठी पाण्यात योग्य स्थितीतले यजमान जिवाणू खूप दाट असावे लागतात, आणि सामान्य जलस्रोतांत तशी दाटी क्वचितच आढळते.

माझे मत विचाराल तर नव्या प्रयोगशाळेने सोमॅटिक फेजांपासूनच सुरुवात करावी. हात बसला, नियंत्रणे सलग बरोबर येऊ लागली, की एफ-विशिष्ट फेजांकडे वळावे. शुद्धीकरण प्रक्रियेत विषाणू किती कमी होतात हे पाहायचे असेल तर पुढेमागे दोन्ही गट लागतात, कारण दोघांची सहनशक्ती सारखी नसते. अतिनील प्रकाशाचेच उदाहरण घ्या. एमएस-२ या एफ-विशिष्ट आरएनए फेजाची संख्या एक-दशांश करण्यासाठी सुमारे २० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर इतका डोस लागतो, तर फाय-एक्स-१७४ या सोमॅटिक फेजासाठी सुमारे २ पुरतात. माणसाला लागण करणारा ॲडेनोव्हायरस याहून चिवट आहे. तो चार दशमान टप्प्यांनी, म्हणजे चार वेळा एक-दशांश होईल इतका, कमी करण्यासाठी अमेरिकी नियमांत १८६ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरचा डोस धरला आहे. अतिनील यंत्रणेची परीक्षा फाय-एक्स-१७४ वर घेऊन ॲडेनोव्हायरसबद्दल निश्चिंत होणे किती चुकीचे ठरेल, हे या तीन आकड्यांवरून लक्षात यावे.

मलप्रदूषण माणसाचे की जनावरांचे, हा प्रश्न असेल तर नुसती कोलिफेजांची संख्या उत्तर देत नाही. एफ-विशिष्ट आरएनए फेजांचे चार जनुकीय गट आहेत. दुसरा आणि तिसरा गट बहुधा मानवी सांडपाण्याशी, तर पहिला आणि चौथा बहुधा प्राण्यांच्या विष्ठेशी जोडलेला आढळतो. 'बहुधा' हा शब्द येथे मनापासून वाचावा, कारण अपवाद आहेत. शिवाय हे गट पाण्यात सारख्या वेगाने नष्ट होत नाहीत. पहिला गट इतरांहून अधिक टिकतो, म्हणून जुन्या प्रदूषणात गटांचे प्रमाण आपोआप प्राण्यांच्या बाजूला झुकलेले दिसू शकते. बॅक्टेरॉइड्स जिवाणूंच्या काही ठरावीक वाणांवर वाढणारे फेज मानवी स्रोताकडे अधिक नेमके बोट दाखवतात, पण हे जिवाणू ऑक्सिजनविना वाढवावे लागतात. २०१४ मध्ये मानवी आतड्यांतल्या जनुकीय माहितीतून ओळखला गेलेला क्रासफेज हा पीसीआरने शोधतात आणि मानवी सांडपाण्याचा खूण-घटक म्हणून त्याला मोठे महत्त्व आले आहे. मात्र पीसीआर जनुकद्रव्य मोजते, फेज जिवंत आहे की निष्क्रिय हे सांगत नाही. पाणी निर्जंतुक केल्यानंतरचा परिणाम पाहायचा असेल तर प्लाक चाचणीला पर्याय नाही.

यजमान जिवाणू

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. सोमॅटिक फेजांसाठी ई. कोलाय सी या वाणाचे नॅलिडिक्सिक आम्लाला न जुमानणारे उपप्रकार वापरले जातात. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या १६०१ आणि १६०२ या पद्धतींत सीएन-१३ हा वाण आहे, तर आयएसओ १०७०५-२ या मानकात डब्ल्यूजी-५. ई. कोलाय सीची निवड विचारपूर्वक झाली आहे. परक्या डीएनएचे तुकडे करणारी जी संरक्षण व्यवस्था अनेक ई. कोलायमध्ये असते ती याच्यात नाही, त्यामुळे नाना प्रकारचे फेज याच्यावर वाढू शकतात. नॅलिडिक्सिक आम्लाची सहनशक्ती असल्याने ते प्रतिजैविक आगरमध्ये घालता येते आणि नमुन्यासोबत येणारे इतर बरेचसे जिवाणू दबून राहतात.

एफ-विशिष्ट फेजांसाठी अमेरिकी पद्धतीत ई. कोलाय एफ-ॲम्प हा वाण आहे. त्याच्या एफ-प्लाझ्मिडवर ॲम्पिसिलिनची सहनशक्ती आहे आणि गुणसूत्रावर स्ट्रेप्टोमायसिनची. वाढीच्या माध्यमात ॲम्पिसिलिन ठेवले की प्लाझ्मिड गमावलेल्या पेशी टिकत नाहीत आणि एफ-पायलाय असलेली प्रजा शिल्लक राहते. हा वाण मूळचा सोमॅटिक फेजांपैकी बहुतेकांना दाद देत नाही, हाही त्याचा गुण. आयएसओ १०७०५-१ मध्ये वेगळा मार्ग आहे : तेथे डब्ल्यूजी-४९ हा साल्मोनेला टायफिम्युरियमचा वाण वापरतात, ज्यात एफ-प्लाझ्मिड बाहेरून घातलेले आहे. साल्मोनेला असल्यामुळे ई. कोलायचे सोमॅटिक फेज त्यावर सहसा वाढत नाहीत, पण साल्मोनेलाचे स्वतःचे सोमॅटिक फेज वाढतात. म्हणून आरएनेझ (आरएनए तोडणारे विकर) घातलेल्या प्लेटींची जोड द्यावी लागते. त्याबद्दल पुढे येईलच. साल्मोनेला हाताळण्याची प्रयोगशाळेची तयारी नसेल तर एफ-ॲम्प निवडावा.

वाण मान्यताप्राप्त संग्रहातूनच घ्यावा. तो आला की एकदा वाढवून ग्लिसरॉलमध्ये अनेक छोट्या कुप्या भराव्यात आणि उणे ७० अंशांवर किंवा त्याखाली ठेवाव्यात. दर कामासाठी या कुप्यांतून नवी सुरुवात करावी. एकाच प्लेटीवरून पुढच्या प्लेटीवर असे महिनोन्महिने संवर्धन पुढे नेत राहिले तर प्लाझ्मिड गळते, फेजांना न जुमानणाऱ्या पेशी वरचढ होतात, आणि हे सगळे डोळ्यांना दिसत नाही.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी प्रतिजैविक घातलेल्या ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये यजमान ३६ अंशांवर रात्रभर वाढवावा. सकाळी त्यातला थोडा भाग ताज्या, आधीच गरम केलेल्या ब्रॉथमध्ये घालून पुन्हा ३६ अंशांवर हलकेच हलवत ठेवावा. पेशी जोमाने दुप्पट होत असतात त्या अवस्थेतच त्या वापरायच्या असतात. थकलेल्या, रात्रभर वाढून थांबलेल्या पेशींवर प्लाक लहान, धूसर आणि कमी पडतात. योग्य क्षण ओळखण्यासाठी वर्णमापकावर ५२० नॅनोमीटरला शोषणांक पाहावा. अमेरिकी पद्धतीत तो ०.१ ते ०.५ या दरम्यान असावा अशी अपेक्षा आहे. आपल्या उपकरणावर, आपल्या फ्लास्कमध्ये, किती मिनिटांनी हा टप्पा येतो याचा आलेख पहिल्या आठवड्यातच काढून ठेवावा. अपेक्षित टप्पा आला की फ्लास्क लगेच वितळत्या बर्फात ठेवावा. एफ-ॲम्पच्या बाबतीत हे अगदी काटेकोरपणे पाळावे, कारण पेशी सावकाश निवल्या तर एफ-पायलाय कमी होतात. त्याच कारणाने या संवर्धनाला जोरात घुसळू नये, व्होर्टेक्सवर धरू नये. तंतू तुटतात आणि फेजांना चिकटायला जागाच उरत नाही. आयएसओ मानक तर बर्फात ठेवल्यानंतर दोन तासांच्या आत यजमान वापरण्यास सांगते. हीच शिस्त सोमॅटिक यजमानालाही लावली तर बिघडत काहीच नाही.

नमुना घेणे आणि आणणे

निर्जंतुक, रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली वापरावी. पाण्यात क्लोरीन असण्याची शक्यता असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घालावे, नाहीतर वाटेत क्लोरीन फेजांना मारत राहील आणि प्रयोगशाळेत पोचलेला आकडा नळाचा नसून प्रवासाअंतीचा असेल. नमुना बर्फासोबत १० अंशांच्या खाली ठेवावा, पण गोठू देऊ नये. अमेरिकी पद्धतीत ४८ तासांपर्यंत मुभा आहे. शक्य असेल तर त्याच दिवशी काम सुरू करावे.

नमुना किती घ्यायचा हे पाण्यावर अवलंबून असते. कच्च्या सांडपाण्यात कोलिफेज इतके असतात की एक मिलिलिटरही विरल करूनच तपासावा लागतो. नदीच्या पाण्यासाठी १ ते १०० मिलिलिटर, तर विहिरीच्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्यासाठी निदान १०० मिलिलिटर आणि शक्यतो १ लिटर लागतो. याहून मोठे नमुने पोकळ तंतूंच्या अतिगाळणीने घट्ट करून घेतात. अमेरिकी संस्थेच्या २०१८ च्या १६४२ पद्धतीत असेच केले जाते.

गढूळ नमुन्यात इतर जिवाणू फार असतील तर ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून पाणी काढण्याचा मोह होतो. गाळणी निवडताना सावध असावे. नायट्रोसेल्युलोजच्या काही पडद्यांना फेज स्वतःच चिकटून बसतात. प्रथिने कमी धरणारा, उदाहरणार्थ पॉलिइथरसल्फोनचा, पडदा घ्यावा. आणि गाळाच्या कणांना चिकटलेले फेज गाळणीवरच राहतील, हे हिशोबात धरावे. मला विचाराल तर प्रतिजैविकाने भागत असेल तेथे गाळूच नये.

दुहेरी थराची पद्धत : सांडपाणी आणि दूषित पाणी

हात बसवण्यासाठी ही उत्तम. पेट्री प्लेटींत दीड टक्का आगर असलेला खालचा थर आदल्या दिवशी ओतून ठेवावा आणि झाकणाखालचा ओलावा जाईल इतपत वाळू द्यावा. ओल्या पृष्ठभागावर वरचा थर घसरतो आणि प्लाक लांबट, पसरलेले येतात. वरच्या थरासाठी सुमारे ०.७ टक्के आगर असलेले माध्यम वितळवून पाण्याच्या कुंडात ४५ ते ४८ अंशांवर ठेवावे. तापमापी कुंडात न ठेवता शेजारच्या एका नळीतल्या आगरमध्ये बुडवून ठेवावी, कारण नळीतले आगर कुंडाच्या मागे रेंगाळते. ५० अंशांच्या वर यजमान आणि फेज दोघांनाही इजा होते. ४२ च्या खाली आगर गुठळ्या धरू लागते.

नमुन्याची दहा-दहा पट विरलीकरणे करून घ्यावीत. मऊ आगरच्या एका नळीत एक मिलिलिटर नमुना आणि एक मिलिलिटर बर्फातला यजमान घालावा, नळी दोन्ही तळव्यांमध्ये दोन-तीनदा फिरवावी आणि लगेच प्लेटीवर ओतावी. येथे वेळ दवडता येत नाही. गार यजमान आणि गार नमुना पडताच आगरचे तापमान झपाट्याने उतरते. प्लेट टेबलावर सपाट ठेवूनच गोल फिरवावी. दहाएक मिनिटांत थर घट्ट झाला की प्लेट उलटी करून ३६ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये १६ ते २४ तास ठेवावी. प्रत्येक विरलीकरणाच्या निदान दोन प्लेटी असाव्यात.

सोमॅटिक फेजांच्या प्लेटी चार-पाच तासांनी एकदा काढून पाहण्याची सवय लावावी. या यजमानावर मोठे प्लाक इतके भराभर वाढतात की सकाळपर्यंत ते एकमेकांत मिसळून गेलेले असतात. अशा वेळी प्लेटीच्या पाठीवर पेनाने ठिपके करून ठेवले तर दुसऱ्या दिवशी आधीचे किती आणि नवे किती हे सांगता येते.

एकेरी थराची पद्धत : १०० मिलिलिटर पाण्यासाठी

कमी फेज असलेल्या पाण्याला ही पद्धत लागते आणि १६०२ पद्धतीचा गाभा हाच आहे. १०० मिलिलिटर नमुन्यात ४ मोलर मॅग्नेशियम क्लोराइडचे अर्धा मिलिलिटर द्रावण घालावे. फेज यजमानाला नीट चिकटण्यासाठी असे द्विभारी आयन उपयोगी पडतात. नमुना थोडा वेळ ३६ अंशांच्या कुंडात ठेवून कोमट करावा, त्यात १० मिलिलिटर यजमान घालावा, आणि हे मिश्रण दुप्पट तीव्रतेच्या, योग्य प्रतिजैविक घातलेल्या आणि ४८ अंशांवर ठेवलेल्या १०० मिलिलिटर आगरमध्ये ओतावे. फेस होऊ न देता बाटली हलकेच उलटसुलट करावी आणि सगळे २१० मिलिलिटर प्लेटींत वाटून टाकावे. नेहमीच्या ९० मिलिमीटर प्लेटी असल्या तर दहा-अकरा लागतात. त्या सर्व प्लेटींवरील प्लाकांची बेरीज म्हणजेच १०० मिलिलिटरमधील फेजांची संख्या. एखादी प्लेट सांडली किंवा तडकली तर ती चाचणी बाद समजावी, उरलेल्यांवरून अंदाज बांधू नये.

नमुना कोमट करण्याची पायरी बरेच जण गाळतात. फ्रीजमधून काढलेले १०० मिलिलिटर पाणी थेट आगरमध्ये गेले तर आगर बाटलीतच गोठू लागते, आणि ओतलेल्या प्लेटींत पारदर्शक गुठळ्या राहतात, ज्या दुसऱ्या दिवशी थेट प्लाकासारख्या दिसतात.

केवळ 'आहेत की नाहीत' एवढेच हवे असेल तर १६०१ ची द्विपायरी पद्धत आहे. यात नमुन्यात मॅग्नेशियम क्लोराइड, यजमान आणि तीव्र ब्रॉथ घालून रात्रभर फेज वाढू देतात आणि सकाळी त्यातले १० मायक्रोलिटर यजमानाच्या पसरलेल्या थरावर थेंबाने सोडतात. थेंबाच्या जागी जिवाणू विरघळलेले दिसले तर उत्तर होकारार्थी. एका फेजाचाही यात छडा लागू शकतो, म्हणून भूजलासाठी ती योग्य आहे. अमेरिकेच्या २००६ च्या भूजल नियमात मलप्रदूषणाचे सूचक म्हणून ई. कोलाय, एंटेरोकॉकाय (आतड्यांतलेच दुसरे जिवाणू) किंवा कोलिफेज यांपैकी एक वापरण्याची मुभा आहे.

प्लाक ओळखणे आणि मोजणे

प्लेट उजेडासमोर तिरकी धरावी. यजमानाचा थर दुधट, एकसारखा असायला हवा. तो विरळ किंवा ठिपकेदार असेल तर मोजणी करूच नये. सोमॅटिक प्लाक आकाराने फार भिन्न असतात : एकाच प्लेटीवर टाचणीच्या टोकाएवढे आणि सेंटिमीटरभर रुंद असे दोन्ही दिसतात, कडा कधी स्वच्छ तर कधी धूसर वलयाची. एफ-विशिष्ट आरएनए फेजांचे प्लाक बऱ्यापैकी सारख्या आकाराचे असतात. तंतुरूप डीएनए फेज यजमानाला मारत नाहीत, त्याची वाढ फक्त मंदावते. त्यांचे प्लाक म्हणून फिकट आणि धुरकट दिसतात आणि नवशिक्याच्या नजरेतून सुटतात.

हवेचा बुडबुडा काठाने चकचकीत आणि खोल असतो, सुई लावली की कळतो. शंका राहिली तर प्लाकाच्या मध्यातून निर्जंतुक पिपेटच्या टोकाने आगर उचलावे, थोड्या ब्रॉथमध्ये मिसळावे आणि यजमानाच्या नव्या थरावर थेंब टाकून पाहावे. खरा फेज पुन्हा वाढतो, बुडबुडा आणि गुठळी वाढत नाहीत. सुरुवातीच्या काळात दर तुकडीतले काही प्लाक असे पडताळावेत.

एफ-विशिष्ट यजमानावर आलेल्यांपैकी आरएनए फेज किती, हे जाणण्यासाठी समांतर प्लेटींच्या आगरमध्ये आरएनेझ घालतात. हे विकर आरएनए फेजांची लागण रोखते, डीएनए फेजांना काही करत नाही. दोन्ही मोजण्यांतला फरक म्हणजे आरएनए फेज.

दुहेरी थराच्या पद्धतीत ३० ते ३०० प्लाक असलेल्या प्लेटी हिशोबाला घ्याव्यात. प्लाकांची सरासरी भागिले प्लेटीत गेलेल्या मूळ नमुन्याचे मिलिलिटर, गुणिले १००, हे उत्तर 'प्लाक निर्माण करणारी एकके प्रति १०० मिलिलिटर', म्हणजे पीएफयू, या मापात येते. प्लेटीत एक मिलिलिटर गेला, तो शंभर पट विरल होता आणि सरासरी ६४ प्लाक आले, तर मूळ पाणी ०.०१ मिलिलिटर गेले आणि उत्तर ६,४०,००० पीएफयू प्रति १०० मिलिलिटर. कच्च्या सांडपाण्यात सोमॅटिक फेजांचा असा आकडा आला तर दचकण्याचे कारण नाही.

शून्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. १०० मिलिलिटरमध्ये एकही प्लाक आला नाही, तर ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की खरी संख्या १०० मिलिलिटरमागे सुमारे ३ पेक्षा कमी असावी. अहवालात 'फेज नाहीत' असे न लिहिता '१०० मिलिलिटरमध्ये आढळले नाहीत' असे लिहावे.

नियंत्रणे

प्रत्येक तुकडीसोबत तीन नियंत्रणे असलीच पाहिजेत. निर्जंतुक पाण्याचा कोरा नमुना, जो शून्य यायला हवा. ज्ञात संख्येचा फेज घातलेला होकारात्मक नमुना : सोमॅटिकसाठी फाय-एक्स-१७४, एफ-विशिष्टसाठी एमएस-२. आणि तपासायच्या पाण्यातच ज्ञात संख्येने फेज घालून त्यातले किती परत मिळतात याची पाहणी; ही निदान नव्या जलस्रोताच्या पहिल्या नमुन्यासोबत करावी, कारण काही पाण्यांतले घटक फेजांना यजमानाला चिकटू देत नाहीत आणि ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही. एमएस-२ नेहमीइतका वाढला नाही तर सर्वप्रथम यजमानाच्या एफ-पायलायवर संशय घ्यावा आणि नवी कुपी काढावी.

होकारात्मक फेजांची साठवण द्रावणे मिलिलिटरमागे अब्जावधी फेजांची असू शकतात. त्यांतला एक सूक्ष्म तुषार अख्ख्या आठवड्याचे नमुने नासवू शकतो. म्हणून ही द्रावणे वेगळ्या फ्रीजमध्ये ठेवावीत, आधीच विरल करून छोट्या कुप्यांत भरावीत, गाळणी असलेली पिपेटची टोके वापरावीत, आणि कामाचा क्रम कोरा नमुना, मग पाण्याचे नमुने, शेवटी होकारात्मक नियंत्रण असाच ठेवावा. टेबल अल्कोहोलने पुसून भागत नाही, कारण आवरणरहित फेजांवर त्याचा परिणाम भरवशाचा नसतो. ताजे केलेले ब्लीचचे विरल द्रावण वापरावे. कच्चे सांडपाणी हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांचे संरक्षण आवश्यक आहे; फेज निरुपद्रवी असले तरी त्यांच्यासोबत त्या पाण्यात काय काय आहे हे आपल्याला माहीत नसते. वापरलेल्या सर्व प्लेटी ऑटोक्लेव्ह करूनच टाकाव्यात.

आकड्याचा अर्थ लावताना

कोलिफेज सापडले म्हणजे मलप्रदूषण पोचले आहे आणि विषाणूंना मार्ग मोकळा आहे. त्याच पाण्यात नोरोव्हायरस किंवा हिपॅटायटिस ए आहेच, असे त्यातून सिद्ध होत नाही. रोगकारक विषाणू हे त्या वस्तीत कोणाला त्यांची लागण झालेली असेल तरच सांडपाण्यात येतात. कोलिफेज मात्र बाराही महिने येत राहतात. म्हणून दोघांच्या संख्येत घट्ट नाते शोधायला जाणारे अनेकदा निराश होतात. फेजांचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे : पाण्याला धोका पोचू शकतो का हे ओळखणे, आणि शुद्धीकरणाच्या एखाद्या टप्प्यात विषाणू किती कमी होतात ते मोजणे.

युरोपीय संघाच्या २०२० च्या पिण्याच्या पाण्याच्या निर्देशात हाच दुसरा विचार दिसतो. तेथे कच्च्या पाण्यात सोमॅटिक कोलिफेज १०० मिलिलिटरमागे ५० पीएफयूपेक्षा अधिक आढळले, तर शुद्धीकरणाच्या टप्प्यांनंतर ते पुन्हा मोजून घट किती झाली हे तपासायचे असते. त्याच वर्षीच्या सांडपाण्याच्या पुनर्वापराच्या नियमात सर्वांत वरच्या दर्जाच्या पाण्यासाठी कोलिफेजांत निदान सहा दशमान टप्प्यांची घट दाखवावी लागते, जेथे ई. कोलायसाठी पाच पुरतात. सहा टप्प्यांची घट दाखवायची तर सुरुवातीच्या पाण्यात पुरेसे फेज हवेत आणि शेवटच्या पाण्याचा नमुना मोठा हवा, याचे गणित नमुने घेण्याआधीच मांडावे. अमेरिकेत सांडपाणी मिसळल्यामुळे बंद केलेली शिंपल्यांची क्षेत्रे पुन्हा खुली करताना एफ-विशिष्ट कोलिफेज १०० ग्रॅम मांसामागे ५० पीएफयूच्या आत आहेत का, हे पाहता येते.

उलट बाजूने, कोलिफेज सापडले नाहीत तर काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. एफ-विशिष्ट फेज थोड्याच माणसांच्या विष्ठेत आढळतात; मोठ्या वस्तीच्या एकत्रित सांडपाण्यात ते भरपूर असतात, पण एकाच घराच्या सेप्टिक टाकीत मुळीच नसण्याची शक्यता राहते. सोमॅटिक फेज अधिक लोकांत आढळतात, तरी तीच मर्यादा कमी प्रमाणात त्यांनाही लागू आहे. शेजारच्या एखाद्या शोषखड्ड्यामुळे विहीर दूषित झाल्याचा संशय असेल तर फेजांच्या एका नकारात्मक चाचणीवर विसंबू नये, ई. कोलाय आणि एंटेरोकॉकायसोबत, वेगवेगळ्या दिवशी, विशेषतः मोठ्या पावसानंतर, नमुने घ्यावेत. ऊन आणि उबदार पाणी एफ-विशिष्ट आरएनए फेजांना लवकर निष्क्रिय करते, त्यामुळे उन्हाळ्यातल्या उघड्या तलावात ते कमी आले तर प्रदूषण थांबले असा अर्थ न काढता नमुना घेताना पाण्याचे तापमान किती होते आणि तो कोणत्या वेळी घेतला, याची नोंद आकड्याशेजारीच करावी. त्याच ओळीत यजमानाचा वाण, कुपीचा क्रमांक, वापरतेवेळचा शोषणांक आणि त्या दिवशीच्या तिन्ही नियंत्रणांचे आकडेही लिहिलेले असावेत. सहा महिन्यांनी कोणी त्या नमुन्याबद्दल विचारले तर याच नोंदींवरून उत्तर देता येते.